मुलाला मोबाइलसमोर बसवून ‘काय झालं ते सांग’ म्हणताय? आधी हे वाचा

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं. गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल उच्च न्यायालयाने पोलिसांना फटकारलं. चर्चा रंगली ती सीसीटीव्ही फुटेजची. पण अशा बहुतेक प्रकरणांत सगळ्यात मोठा पुरावा कॅमेऱ्यात नसतोच. तो मुलाच्या आठवणीत असतो आणि चुकीच्या प्रश्नांनी ती आठवण पटकन गढूळ होते.

कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण बघा. 1983 मध्ये तक्रार झाली. मग शेकडो मुलांना ‘बाकीच्यांनी सांगितलंय, तूही सांग’ अशा छापाचे प्रश्न विचारले गेले. त्या मुलाखतींच्या टेप कोर्टात लागल्या आणि 1990 मध्ये खटला संपला तो एकालाही शिक्षा न होता. नेमकं काय घडलं, हे सांगणं कुणालाच शक्य उरलं नाही.

म्हणूनच ‘काकांनी हात लावला का?’ असं विचारायचं नसतं. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारायचं.

आपल्या पॉक्सो कायद्यातही (2012) याचा विचार आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, पोलिसांनी गणवेश घालायचा नाही आणि शक्य असेल तिथे ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं. त्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तराबरोबर प्रश्नही दिसतो, हाच त्याचा फायदा. घरी तीन नातेवाइकांनी तीनदा शूट केलं, तर बचाव पक्षाला तीन वेगळी उत्तरं आयती मिळतात!

आता फाइलचं बघू. प्रत्येक फाइलची हॅश व्हॅल्यू असते, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा समजा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात ती द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि हा ठसा बदलतो. शिवाय मुलाची ओळख उघड झाली तर तो वेगळाच गुन्हा.

माझ्या मते आपलं काम छोटं आहे, पण तेच सगळ्यात अवघड आहे. मूल स्वतःहून बोललं तर शांतपणे ऐका. त्याचे शब्द, तुमचा प्रश्न आणि वेळ, जसंच्या तसं लिहून ठेवा. धमकीचे चॅट डिलीट करू नका, मूळ फोन जपा, काहीही फॉरवर्ड करू नका. आणि लगेच 1098 किंवा 112 लावा. पुढचे प्रश्न विचारणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.