मॉक स्टॉक बंद करा, व्हायवा घ्या!

कॉलेज कुठलंही असो, फेस्ट आला की एक इव्हेंट हमखास हाऊसफुल जातो. मॉक स्टॉक! सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर, खोटे खोटे दहा लाख रुपये, दर दोन मिनिटांनी स्क्रीनवर एक 'ब्रेकिंग न्यूज', आणि मग जो काही आरडाओरडा सुरू होतो तो पार पार्किंगपर्यंत ऐकू येतो. दोन तासांनी ज्याच्याकडे जास्त पैसे तो जिंकला. बक्षीस, फोटो, रेझ्युमेवर एक ओळ. 'इन्व्हेस्टमेंट स्किल्स'.

मित्र-मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की हा इव्हेंट बंद करावा. मजा येते, नाही कोण म्हणतंय? पण मजा तर तंबोलामध्येही येते. त्याला आपण इन्व्हेस्टमेंट म्हणत नाही, एवढंच.

(आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. र्‍हस्व-दीर्घाचं काय ते मराठी विभागाच्या संपादकांनी बघून घ्यावं. मला शेअरबद्दल बोलायचंय.)

हे इतकं तावातावाने लिहायचं कारण म्हणजे सेमिनार हॉलमधला खेळ हॉस्टेलवर खरा झालाय. लेक्चरला मागच्या बाकांवर मोबाईलमध्ये काय चालू असतं ते सगळ्यांना माहितीय. गुरुवारची एक्स्पायरी, मंगळवारची एक्स्पायरी, कॉल घे, पुट विक. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. ९३ टक्के! आपल्याकडे एम-थ्रीचा निकाल असा लागला तर आपण पेपर सेट करणाऱ्यावर मोर्चा काढू. इथे मात्र प्रत्येकाला वाटतं, आपण त्या उरलेल्या सातांत.

बरं, या सगळ्यात कंपनी कुठे असते? ती कुठेच नसते. ती काय बनवते, कोणाला विकते, तिचं मशीन कशावर चालतं हे मॉक स्टॉकमध्ये कोणी विचारत नाही. आणि नेमकं तेच विचारायची आपली लायकी आहे असं मला वाटतं. बी.कॉम.वाल्यांना ताळेबंद आपल्यापेक्षा चांगला वाचता येतो, मान्य. पण कंपनी जे बनवते ते समजून घ्यायला इंजिनिअरिंगची पोरं बरी. फक्त वाचायचे कष्ट घ्यायला हवेत.

उदाहरणच देते. नेदरलँड्समध्ये वेल्डहोव्हन नावाच्या गावात एएसएमएल म्हणून एक कंपनी आहे. १९८४ साली फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी मिळून काढली. ती चिप बनवत नाही, चिप बनवायचं मशीन बनवते. सिलिकॉन वेफरवर प्रकाशाने सर्किट छापायचं मशीन. जितकी प्रकाशाची वेव्हलेंग्थ कमी तितकी रेघ बारीक, हे आपण फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये डिफ्रॅक्शन करताना पाठ केलंय (समजलंय की नाही तो वेगळा प्रश्न). आधीची मशीन्स १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालायची आणि आजही चालतात. एएसएमएलने १३.५ नॅनोमीटरवर उडी मारली. हा प्रकाश बनवायचा कसा, तर वितळलेल्या कथलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडायचे आणि प्रत्येक थेंबावर लेझर दोनदा मारायचा. पहिल्या फटक्यात थेंब चपटा होतो, दुसऱ्यात त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून हवा तो प्रकाश निघतो. हा प्रकाश काच पिऊन टाकते, हवासुद्धा पिऊन टाकते. म्हणून लेन्स बाद, सगळे आरसे, आणि सगळं व्हॅक्यूममध्ये. आरसे जर्मनीच्या झाईसचे, लेझर जर्मनीच्याच ट्रुम्फचा. असं मशीन जगात दुसरी एकही कंपनी विकत नाही. निकॉन आणि कॅनन जुन्या प्रकारच्या मशीन्समध्ये आहेत, यात नाहीत.

आता हे वाचून 'वा, भारी कंपनी, घेऊन टाका' असं म्हणणारा पहिल्या राऊंडला आउट. खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो.

कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. जाडजूड आहे, पण आपण सबमिशनच्या आदल्या रात्री याहून जाड जर्नल उतरवलेली माणसं! २०२४ मध्ये विक्री २८.३ अब्ज युरो. त्यातले ६.५ अब्ज जुन्या मशीन्सची सर्व्हिस आणि अपग्रेड यांतून. म्हणजे नवी मशीन्स कमी विकली गेली तरी चुलीवर काहीतरी शिजत राहतं. संशोधनावर ४.३ अब्ज. आणि नव्या प्रकाशाची मशीन्स वर्षभरात किती विकली? फक्त ४४. सगळ्यात नव्या मॉडेलची किंमत एकेका मशीनला साधारण ३५ कोटी युरो. गिऱ्हाईकं बोटावर मोजण्याइतकी, तैवानची टीएसएमसी, कोरियाची सॅमसंग, अमेरिकेची इंटेल वगैरे. यातल्या एकाने जरी 'यंदा नको, पुढच्या वर्षी बघू' म्हटलं तरी आकडे हलतात. पुन्हा २०२४ च्या विक्रीतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा चीनचा, आणि चीनला काय विकायचं, काय नाही हे कंपनी एकटी ठरवत नाही, सरकारं ठरवतात. १३.५ नॅनोमीटरवालं मशीन तर चीनला आजवर एकही गेलेलं नाही.

१५ ऑक्टोबर २०२४ ला गंमत झाली. कंपनीचे तिमाही निकाल तांत्रिक गडबडीमुळे एक दिवस आधीच प्रसिद्ध झाले, ऑर्डर्स अपेक्षेच्या निम्म्याच निघाल्या, आणि शेअर एका दिवसात १६ टक्क्यांच्या आसपास पडला. मॉक स्टॉकवाल्यासाठी बातमी तेवढीच. विका, विका, विका! पण कथलाचे थेंब त्या दिवशीही सेकंदाला ५० हजारच पडत होते. विचारायचा प्रश्न असा, की ऑर्डर पुढे ढकलली गेली की दुसऱ्याकडे गेली? दुसरं कोणी नाहीच, तर जाणार कुठे? हे आधी वाचलेल्या माणसाकडे निदान डोकं शांत ठेवायला कारण असतं. त्याचं उत्तर चुकूही शकतं. पण ते त्याचं स्वतःचं असतं, टेलिग्रामवरच्या कुणा 'गुरूजी'चं नसतं.

या मशीनवरचं काम १९९० च्या दशकात सुरू झालं आणि त्यावर घाऊक प्रमाणात चिप निघायला २०१९ उजाडलं. वीसेक वर्षं! दोन तासांच्या इव्हेंटमध्ये याचे मार्क कसे देणार?

आता दुसरी बाजू. आपल्यासारख्यांचा एक खास धोका आहे. तंत्रज्ञान आवडलं की आपण किंमत बघत नाही. ईएनटीसीवाल्यांनो, सिस्को आठवा. राऊटर, स्विच, सीसीएनएचे क्लास, सगळं सिस्को. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सगळ्यात मौल्यवान कंपनी होती. इंटरनेट वाढणार आणि त्यासाठी राऊटर लागणार, हा लोकांचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. सिस्कोची विक्री २००० च्या आर्थिक वर्षात १८.९ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये ५३.८ अब्ज. जवळजवळ तिप्पट. आणि शेअर? ८० डॉलरच्या आसपास होता तो ऑक्टोबर २००२ मध्ये दहाच्या खाली आला, आणि २००० चा उच्चांक ओलांडायला डिसेंबर २०२५ उजाडला. पाव शतक! मधे २०११ पासून लाभांश मिळायला लागला, तेवढंच समाधान. कंपनी चांगली होती, भविष्यही खरं ठरलं, फक्त लोकांनी एका वर्षाच्या नफ्याच्या शंभरपटीहून जास्त पैसे मोजले होते. मला विचाराल तर फेस्टमध्ये ही एकच गोष्ट सांगितली तरी पुरे.

आणि काही वेळा मशीन, राऊटर काही कळून उपयोग नसतो, कारण पैसेच खोटे असतात. आपल्याकडे ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र आलं. बँकेत दाखवलेल्या पैशांपैकी ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. अकरा वर्षांनी, जून २०२० मध्ये, जर्मनीच्या वायरकार्डमध्ये हुबेहूब तेच. १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या खात्यांत आहेत म्हणे, आणि तिथल्या बँका म्हणाल्या असली खाती आमच्याकडे नाहीत. दोन्हीकडे नावाजलेले ऑडिटर, दोन्ही कंपन्या आपापल्या देशाच्या मानाच्या इंडेक्समध्ये. 'फॉरेनची कंपनी आहे, तिकडे असलं काही चालत नाही' असं म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

फॉरेनचं निघालंच आहे तर थोडं व्यवहाराचं. परदेशी शेअर घेणं कायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात (ही मर्यादा ओलांडायची चिंता आपल्या बॅचमध्ये कोणाला असेल तर त्याने आधी मला कॅन्टीनमध्ये पार्टी द्यावी). अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून तिकडेच २५ टक्के कर कापला जातो. रिटर्नमध्ये परदेशी शेअर्सची माहिती वेगळी भरावी लागते, शेअर एक असला तरी. रुपया २००५ च्या सुमारास डॉलरला ४४-४५ होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ८५ ओलांडले, त्याचाही परतावा मिळतो. पण तो काही तुमच्या अभ्यासाचा परतावा नव्हे, त्याची शेखी मिरवू नये.

आणि पैसे परदेशी न पाठवताही हा अभ्यास करता येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना इथल्या शाखेतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. आयबीएम आणि कोका-कोला चालत्या झाल्या, तर कोलगेटसारख्यांनी शेअर इथल्या लोकांना विकले. मराठी मध्यमवर्गीय घरांत आजोबांच्या लोखंडी कपाटात जे जुने शेअर सर्टिफिकेट सापडतात, त्यांत ही नावं असतात ती यामुळे. पुण्यात कमिन्सचे डिझेल इंजिन १९६० च्या दशकापासून आहेत, चिंचवडला एसकेएफची बेअरिंग्ज. म्हणजे ज्या कंपनीत आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जाऊन फक्त वडापाव खाऊन येतो, तिचा वार्षिक अहवाल मुंबईच्या शेअर बाजारात नोंदलेला असतो! अशा कंपन्यांत एक प्रश्न आवर्जून बघायचा, तो म्हणजे मूळ कंपनी रॉयल्टी किती नेते. एप्रिल २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने ती विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ करायचं ठरवलं. ठराव भागधारकांनी मे महिन्यात पाडला. साठ टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्या स्विस कंपनीच्या विरोधात! शेअर म्हणजे मालकी, हे वाक्य आपण नुसतं ऐकतो. त्या दिवशी ते दिसलं.

'एवढं वाचायला वेळ कोणाला आहे?' हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ऐकवणारा रोज सव्वानऊ ते साडेतीन स्क्रीनकडे बघत असतो. एक कंपनी नीट वाचायला माझ्या हिशेबाने एक मिडसेम सुट्टी लागते. वर्षाला चार झाल्या. डिग्री होईपर्यंत सोळा. त्यातल्या चौदा घेण्यासारख्या नाहीत असं ठरलं तरी हरकत नाही. उलट तसंच व्हायला पाहिजे.

तर माझी सूचना अशी. पुढच्या फेस्टला मॉक स्टॉकऐवजी व्हायवा ठेवा. दोघांची टीम, महिनाभर आधी चिठ्ठीतून एक कंपनी. जपानची फॅनुक येवो, डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क येवो, नाहीतर आपली चिंचवडची एसकेएफ. वीस मिनिटं, स्लाईड्स जास्तीत जास्त पाच. समोर तिघं. एक आपल्या ब्रँचचे सर किंवा मॅडम जे 'मशीन चालतं कसं' हे विचारतील, एक कॉमर्स कॉलेजचे प्राध्यापक जे 'पैसे येतात कुठून' हे विचारतील, आणि तिसरा कोणीही, ज्याचं काम एकच, 'ही कंपनी दहा वर्षांत बुडाली तर कशाने बुडेल?' या प्रश्नाचं उत्तर नसेल त्या टीमला शून्य. शेअर घ्या की घेऊ नका यावर मार्क नाहीत, कारण ते दहा वर्षांनंतर कळेल. हवं तर सगळ्यांची उत्तरं पाकिटात घालून लायब्ररीत ठेवा, आणि २०३५ च्या आसपासच्या ॲल्युमनी मीटला फोडा. मी येईन. स्पॉन्सरची चिंता असेल तर सांगते, या इव्हेंटला एक हॉल, एक प्रोजेक्टर आणि तीन चहा लागतात. चहाचे पैसे मी देते.