वैताग आलाय? इंग्रजीत नेमकं काय म्हणाल?

व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात आणि घरी फोन करून ‘आय ॲम इरिटेटिंग’ म्हणालात, तर अर्थ होतो, ‘मी लोकांना वैताग आणतो!’ वैताग तुम्हाला आलाय ना? मग ‘आय ॲम इरिटेटेड’ म्हणा. ट्रॅफिक ‘इरिटेटिंग’, तुम्ही ‘इरिटेटेड’.

या शब्दांच्या छटाही वेगवेगळ्या आहेत. मागच्या कॅबचा हॉर्न थांबत नाही, तेव्हा तुम्ही ‘ॲनॉइड’. मैत्रिणीनं बारशाला बोलावलं नाही, मन जरासं दुखावलं, तर ‘मिफ्ड’. आपला रुसवाच तो. दहादा सांगूनही मुलगा डबा विसरला आणि तुम्ही हात टेकलेत, तर ‘एक्झास्परेटेड’. साबणानं त्वचेची आग झाली, तर तिथे ‘इरिटेट’च चालतं, ‘ॲनॉय’ नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये मात्र जपून! ‘आय ॲम इरिटेटेड विथ यू’ हे थेट माणसावर जातं. त्याऐवजी ‘आय ॲम कन्सर्न्ड अबाउट द डिले’, म्हणजे उशिराची काळजी वाटते, असं लिहा. तक्रार कामाची राहते, सहकारी दुखावत नाही.

आणि घरी? तिथे आपलं ‘वैतागलोय बाई!’ पुरतं.