सर्व्हर हाताने दुरुस्त करू नका

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींत एक मत ठाण मांडून बसलं आहे. पपेट, अ‍ॅन्सिबल ही स्वयंचलित साधनं सगळं सुरळीत असतानाच कामाची. गडबड झाली की जाणत्या माणसाने थेट सर्व्हरवर शिरावं, कॉन्फिग फाइल हाताने नीट करावी, सर्व्हिस रीस्टार्ट करावी आणि 'झालं' म्हणून कळवावं. असं म्हणणारे लोक नवखे नसतात. कित्येकांनी अपरात्री उठून कंपनीची अब्रू राखलेली असते. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष नीट ऐकून मगच खोडायला हवा.

त्यांचा पहिला मुद्दा असा: माणूस चुकला तर एक सर्व्हर बिघडतो, साधन चुकलं तर हजार. दाखला द्यायलाही ते चुकत नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारा धडा वेगळा. ते अपडेट सगळीकडे एकदम गेलं, हा घोळ होता. आधी थोड्या यंत्रांवर, मग बाकीच्यांवर, असं टप्प्याटप्प्याने धाडणं साधनाला जमतं. ते करायचं की नाही, हे माणूस ठरवतो.

आणि हात तरी किती भरवशाचे? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत काय झालं ते पाहा. नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातांवर चढवला, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवर २००३पासून वापरात नसलेला जुना कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डरी सोडू लागला. त्यानंतरची दुरुस्ती तर त्याहून बोलकी आहे. घाईत नवा कोडच दोषी धरून तो बरोबर चाललेल्या सात सर्व्हरांवरून काढला गेला. आता आठही सर्व्हर तीच चूक करू लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, तो असा.

दुसरा मुद्दा: 'रन फेल झाला? पुन्हा मार, जातो.' जातो खरा, पण काय मागे ठेवून जातो? अ‍ॅन्सिबलमध्ये फाइल बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करण्याचं काम हँडलरकडे असतं आणि ते सहसा शेवटी होतं. समजा फाइल बदलली आणि पुढची एखादी पायरी कोसळली. रन थांबला, हँडलर राहिला. तुम्ही पुन्हा रन मारता. फाइल आधीच बदललेली, म्हणून साधन म्हणतं, बदल काही नाही. हँडलरला बोलावणंच जात नाही. पडद्यावर सगळं हिरवं, आणि सर्व्हिस मात्र जुन्याच कॉन्फिगवर चाललेली. पुढे कधीतरी सर्व्हर रीबूट होतो, तेव्हा हे उघडं पडतं आणि शिव्या त्या दिवशीच्या बदलाला बसतात.

तिसरा मुद्दा, 'आत्ता हाताने करू, रिपॉझिटरीत उद्या टाकू.' तो उद्या येत नाही; आधी पपेटचा एजंट येतो. तो मुळात दर ३० मिनिटांनी फिरतो, सर्व्हर रिपॉझिटरीत लिहिल्याप्रमाणे करतो आणि तुमची दुरुस्ती पुसून जातो. मग वैतागून लोक एजंटच बंद करतात आणि विसरतात. तेव्हापासून तो सर्व्हर इतरांपासून दूर सरकत जातो, आणि त्यावर खरोखर काय आहे हे एकाच माणसाच्या डोक्यात उरतं. तो माणूस नोकरी सोडतो, सर्व्हर राहतो.

मग बिघाड शोधावा कसा? हिरवा रंग म्हणजे 'लिहिलं तसं आहे' इतकंच. 'हवं तसं आहे' असं नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करावं. अ‍ॅन्सिबलमध्ये फाइलची परवानगी अवतरणचिन्हांत '०६४४' अशी लिहायची असते. कुणी चिन्हांशिवाय, पुढचं शून्यही गाळून, नुसतं ६४४ लिहिलं, तर तो आकडा दशमान समजला जातो आणि फाइलला अष्टमान १२०४ ही परवानगी लागते. म्हणजे ज्याची फाइल त्यालाच वाचता येत नाही, परकं कुणीही वाचू शकतं. सर्व्हिस 'परमिशन डिनाइड' म्हणून कोसळते. इथे सर्व्हरवर जाऊन परवानगी बदलणारा पुढच्या रनपर्यंतच सुखी राहतो. चूक प्लेबुकातल्या, म्हणजे अ‍ॅन्सिबलच्या सूचनांच्या फाइलीतल्या, एका ओळीत आहे. ती तिथेच सुधारली पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवावा. सर्व्हरवर शिरा, पण वाचायला: लॉग बघा, फाइल बघा. मग एकाच सर्व्हरवर अ‍ॅन्सिबलचे चेक आणि डिफ हे पर्याय लावून, प्रत्यक्ष बदल न करता, रन करा. साधन काय बदलू पाहतंय ते ओळीगणिक दिसेल. कमांड आणि शेलच्या पायऱ्या या तालमीत सहसा गाळल्या जातात, हे ध्यानात ठेवा. एखादं मूल्य अनपेक्षित दिसलं तर ते कोणत्या फाइलीतून आलं हे शोधा, कारण एकच व्हेरिएबल अनेक ठिकाणी लिहिता येतं आणि वरचढ ठरणारी जागा एकच असते. दुरुस्ती रिपॉझिटरीत करा, दुसऱ्याच्या नजरेखालून घाला, एका सर्व्हरवर सोडा, मग बाकीच्यांवर.

एक सवलत मान्य. आग लागलेली असताना रिव्ह्यूची वाट कुणी पाहू नये. हाताने करायची वेळ आलीच, तर एजंट कारण लिहून थांबवा. पपेट ती सोय देतं. आणि तोच बदल रिपॉझिटरीत जाऊन एजंट पुन्हा सुरू होईपर्यंत तिकीट बंद करू नका. ज्या दुरुस्तीची नोंद नाही, ती पुढच्या बिघाडाची पूर्वतयारी असते.