मुलूख पाहू या : अंदमानातले बंकर आणि दाण्याची गोष्ट



अंदमान म्हटलं की आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून ‘काळं पाणी’ म्हणतात. सेल्युलर जेल, तेलाचा कोलू आणि १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं तिथं काढलेले सावरकर, एवढं आपल्याला ठाऊक असतं. गावातून सहल गेली तर ती जेल पाहते, कोठडीपुढं हात जोडते, समुद्रात पाय बुडवते आणि परत येते. त्यात चूक काहीच नाही. पण त्याच बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्याही खुणा आहेत. त्यांची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगावी अशी आहे, म्हणून आज तिकडं जाऊ.

पोर्ट ब्लेअर हे तिथलं मुख्य शहर. २०२४ साली त्याचं नाव श्री विजयपुरम झालं. शहराजवळ कॉर्बिन्स कोव्ह नावाचा किनारा आहे. माडांची रांग, स्वच्छ पाणी, पोराबाळांची गर्दी. तिथंच समुद्राकडं तोंड करून सिमेंटच्या बुटक्या खोल्या बसलेल्या दिसतील. पुढच्या भिंतीला नुसती एक आडवी फट. हे जपानी सैन्याचे बंकर. शिपायानं आत दडून त्या फटीतून समुद्रावर नजर ठेवायची आणि शत्रू आला तर तिथूनच गोळी घालायची.

समोरच रॉस बेट आहे, होडीनं थोड्याच वेळाचं अंतर. २०१८ पासून त्याला नेताजींचं नाव आहे. इंग्रजांचा सगळा कारभार इथून चाले. साहेबांचे बंगले, चर्च, पाव भाजायची भट्टी, सारं काही होतं. १९४१ च्या जून महिन्यात मोठा भूकंप झाला, बेटाला धक्का बसला, आणि पुढच्याच वर्षी युद्ध आलं. आपल्याकडं पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो, तसं तिथं अख्ख्या बेटाचं झालं आहे. छप्परं गेली, भिंती मुळ्यांनी धरून ठेवल्या आहेत, आणि मधून हरणं फिरतात. जपानी बंकर तिथंही आहेत.

जपानी फौज २३ मार्च १९४२ ला उतरली. इंग्रजांचं सैन्य आधीच निघून गेलं होतं, त्यामुळं लढाई झालीच नाही. राहिली होती ती साधी माणसं. त्यांत पुष्कळजण जुन्या कैद्यांचे वंशज. शिक्षेची काही वर्षं भरली की कैद्याला जमीन कसायला मिळे. तो तिथंच संसार मांडी.

पहिल्याच दिवसांत काही जपानी शिपाई घराघरांतून कोंबड्या पकडत फिरू लागले. झुल्फिकार अली नावाच्या तरुणानं छर्ऱ्याची बंदूक झाडली. इजा कुणालाच झाली नाही. तरी त्याला लोकांसमोर हाल करून मारलं. दारातल्या कोंबडीवरून एका घरचा मुलगा गेला! बेटावर त्याचं स्मारक आहे.

पुढं इंग्रजांचे हेर पाणबुडीतून चोरून बेटावर येऊ लागले. जपान्यांची जहाजं बुडू लागली, आणि संशय आला तो गावातल्या माणसांवर. स्वातंत्र्यासाठी झटणारे डॉ. दिवाणसिंग पकडले गेले. नेताजी सुभाषबाबू बेटावर आले आणि ३० डिसेंबर १९४३ ला त्यांनी तिरंगा फडकवला, तेव्हा दिवाणसिंग त्याच जेलात छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंज इथं ४४ निरपराध माणसांना गोळ्या घातल्या. झेंडा फडकला त्याला बरोबर एक महिना झाला होता.

आता दाण्याची गोष्ट. बेटावर पिकणारं धान्य सगळ्यांना पुरेसं नव्हतं. तांदूळ बाहेरून जहाजानं येई. जहाजं बुडू लागली तशी कणगी रिकामी झाली. जे होतं ते आधी फौजेला. लोकांना विमानाची धावपट्टी बांधायला आणि जंगल तोडून अन्न पिकवायला जुंपलं. मारपीट होतीच, पण भुकेनं त्याहून जास्त खंगवलं.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपत आलं होतं. तेव्हा शेकडो लोकांना, त्यांत म्हातारे आणि अशक्तही होते, गोळा करण्यात आलं. दुसऱ्या बेटावर नेतो, तिथं जमीन आहे, पिकवा आणि खा, असं त्यांना सांगितलं. जमिनीचं नाव ऐकून कुणब्याच्या मनात काय येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री हॅवलॉक बेटाजवळ त्यांना समुद्रात लोटून दिलं. पुष्कळ बुडाले. जे किनाऱ्याला लागले ते ओसाड बेटावर उपासमारीनं गेले. वाचले ते अगदी थोडे. ९ ऑक्टोबर १९४५ ला जपान्यांनी बेटावर शरणागती लिहून दिली, पण या माणसांना त्याचा काय उपयोग?

हॅवलॉकचं नाव आता स्वराज द्वीप आहे. पांढऱ्या वाळूसाठी लोक तिथं लांबून येतात. जरूर जावं, पाण्यात खेळावं. पण जाण्याआधी पोरांना ही गोष्ट सांगावी.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून बोट जाते, तिला दोन-चार दिवस लागतात. विमानही आहे. ते उतरतं त्या जागी युद्धातली ती धावपट्टी होती. शाळेची किंवा सोसायटीची सहल निघाली, तर गुरुजींनी आणि पुढाऱ्यांनी जेलाबरोबर होम्फ्रेगंजही यादीत घालावं. बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत, आधी सांगून ठेवावं लागतं. बंकरात शिरलात तर भिंतीवर नाव कोरू नका. फटीतून एकदा समुद्र पाहा. तांदळाचं जहाज येईल म्हणून बेटावरची माणसंही त्याच समुद्राकडं डोळे लावून बसली होती.

बरंय, पुढच्या अंकी भेटू.