दुखणे पोटात होते

दिवाळी अंक हाती घेतलेल्या वाचकापुढे पोटाच्या दुखण्याचा विषय काढू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. शेजारी चकल्यांचा डबा उघडा असतो, आणि अशा वेळी आतड्याविषयी बोलू लागणारा मनुष्य कोणालाच आवडत नाही. पण असले नावडते विषय काढीतच हे सदर आजवर जगत आले आहे. तेव्हा वाचकांनी आणखी एकदा सोसावे.

आपली मराठी ही पोटाची भाषा आहे. दुःख झाले की आपल्या पोटात कालवते, भीती वाटली की पोटात गोळा उठतो, अपराध पोटात घालायचे असतात आणि लेकराला पोटाशी धरायचे असते. साथीचेही तेच. आजी-पणजीच्या काळी साथ म्हटली की डोळ्यांपुढे यायची ती पटकी. गावोगावी शिवेवर मरीआईचे ठाणे आहे ते तिच्याच धाकाने. आपली साधी 'मोडशी'सुद्धा मोठी प्रवासी! पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावरून उचलली, आपल्या जिभेला बसेल अशी वळवली, आणि फ्रेंचांनी ऐकू आले तसे तिचे 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', करून टाकले. शब्दांची कुळे शोधणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे एवढे विषयांतर माफ असावे.

आणि गंमत अशी, की असली भाषा बोलणाऱ्या आम्हा लोकांनी करोनाच्या साथीत पोटाकडे साफ पाठ फिरवली. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि त्या दिवसापासून सगळ्यांचे लक्ष नाक, घसा आणि छाती यांवर खिळले. आमच्या जालना जिल्ह्यात तर या चर्चेला घरगुती रंग होता. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे घनसावंगीचे. त्यांच्या तोंडचे खाटांचे, प्राणवायूचे आकडे जालनेकर घरचे हिशेब ऐकावेत तसे ऐकत. बोटाला लावायचे ते चिमुकले यंत्र घरोघरी आले. पोटाला लावायचे यंत्र कोणी विकायला आणले नाही.

वास्तविक खूण पहिल्यापासून होती. अमेरिकेतला पहिला नोंदलेला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये इस्पितळात आला तो खोकला-तापाबरोबर दोन दिवसांची मळमळ आणि उलट्या घेऊन. तेथे त्याला जुलाबही झाले, आणि मल तपासला तर त्यात विषाणूचा अंश सापडला. लगेच चीनमधल्या ७३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३९ जणांच्या मलात तो होता. आणि १७ जणांच्या बाबतीत तर नाका-घशाच्या तपासणीत काही उरले नसतानाही मलात तो मिळतच राहिला. ओसरी रिकामी दिसली म्हणून आपण दार लावून घेतले, पण पाहुणा माजघरात मुक्कामाला होता!

हे घडते कसे? करोनाच्या अंगावर काटे असतात. ते जिथे अडकतात त्या प्रथिनाचे नाव एसीई-२. काटा ही कडी मानली, तर हे प्रथिन म्हणजे कोयंडा. हे कोयंडे फुफ्फुसात असतात हे सर्वांनी ऐकले. पण लहान आतड्याच्या अस्तरात ते त्याहूनही दाट असतात. आणि ते तिथे विषाणूच्या सोयीसाठी नसतात. अन्नातली काही पोषक द्रव्ये शोषून घेण्याच्या कामी ते लागतात. विषाणू तिथे शिरला की अन्नावरची वासना उडते, मळमळते, जुलाब होतात. काही लहान मुलांना तर आजार ओसरल्यावर काही आठवड्यांनी शरीरभर दाह होई, आणि त्याची सुरुवात पोटदुखीने होई. ती पुष्कळदा आंत्रपुच्छाची वाटे. मैल्यातून साथ पसरल्याचा ठळक पुरावा मिळाला नाही, एवढे आपले नशीब. उलट मैला उपयोगीच पडला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली शहराचे सांडपाणी तपासून सुमारे सहा लाखांहून अधिक लोकांना लागण झाल्याचा अंदाज बांधला. माणसे लपवतात ते गटारे सांगतात.

आता घरची गोष्ट. अंबडकडे माझे एक मामा आहेत. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना जुलाब लागले. खोकला नाही, ताप नाही. घरात पंचायत बसली. एकाने टरबुजावर आळ घेतला, दुसऱ्याने उन्हावर. ओवा झाला, दह्यातले इसबगोल झाले. मामी उशाशी बसून पेज भरवीत होत्या. कारण पोट बिघडलेल्या माणसापासून दूर बसावे असे कोणी सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी मामांना धाप लागली आणि मामींना ताप आला. मामा वाचले. मामी वाचल्या नाहीत.

तेव्हापासून मामांना अन्न धड पचत नाही. ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन दिवसभर मोसंबीच्या बागेत राबणारा हा मनुष्य. अर्ध्या भाकरीवर त्याचे पोट फुगते, कधी आठवडाभर ढाळ, कधी चार दिवस काहीच नाही. दुर्बिणीतून पाहिले, काही निघाले नाही. मग घरच्यांनी निकाल दिला: "मामी गेल्याचं मनाला लागलंय." लागले आहेच, कोण नाही म्हणतो? पण सगळे मनावर ढकलले की तपास थांबतो. अमेरिकेतल्या १,५४,००० बाधित माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांच्यात पचनाच्या तक्रारींचा धोका इतरांपेक्षा एकतृतीयांशाहून जास्त आढळला. हाँगकाँगच्या संशोधकांना बाधितांच्या आतड्यांतले उपकारक जंतू घटलेले दिसले, आणि ते महिन्याभरानेही पुरते सावरले नव्हते. त्यात आम्ही स्वतःची भर घातली. आयुष मंत्रालयाने काढा दिवसातून एकदोनदा घ्यायला सांगितला होता. आमच्या गल्लीत मिरी-सुंठीचे पातेले चुलीवरून उतरत नव्हते. जंतुनाशक गोळ्या तर शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या गेल्या. त्या करोनाला मारीत नाहीत. मारतात ते पोटातल्या गरीब जंतूंना.

मनाचे म्हणाल, तर तिथेही आतडे आडवे येतेच. मन स्थिर ठेवणारे सेरोटोनिन नावाचे द्रव्य शरीरात तयार होते ते बहुतांशी आतड्यात. विषाणूचे अवशेष आतड्यात रेंगाळले, तर त्याला लागणारा कच्चा माल अन्नातून नीट शोषला जात नाही, असे पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले आहे. मामांचे पोट शोकाने बिघडले की विषाणूने, हे मी मराठीचा मास्तर कसे ठरवणार? पण दोन्ही एकाच घरात नांदत असतील, हे मला आता अशक्य वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात मामांना घेऊन एका नव्या डॉक्टरांकडे गेलो. कधीपासून होते, असे त्यांनी विचारले. मामा सवयीने "झालं की थोडं दिवस" म्हणाले. मी मध्ये तोंड घातले आणि २०२१ सालचे सगळे सांगितले. जुलाब आधी, धाप नंतर, त्या क्रमाने. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. वजन उतरते का, मलात रक्त जाते का, रात्री झोपेतून उठावे लागते का, हेही विचारले. मग मामांच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ तपासले. घरी येताना मामा गाडीत म्हणाले, "भाच्या, तिनंबी हेच विचारलं असतं बघ."