उंबरा बुडविणारी फरशी

वडगावात अलीकडे घरदुरुस्ती निघाली की पहिली पहार जमिनीवर पडते. लग्न ठरले, फरशी बदला. गणपती तोंडावर आले, फरशी बदला. शेजाऱ्याने बदलली, मग तर बदललीच पाहिजे! जुना तांबडा कोबा आणि शहाबादी ही दारिद्र्याची लक्षणे ठरली असून, तोंड दिसेल अशी सिरॅमिकची चकचकीत फरशी हे कुलीनतेचे प्रमाणपत्र होऊन बसले आहे. या प्रकारास आमचा विरोध आहे व तो आम्ही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत.

नव्याशी आमचे वैर नाही. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या ध्यासाने भारत टाइल्सची स्थापना करून सिमेंटच्या रंगीत फरश्या घडविल्या, तेव्हा त्याही नव्याच होत्या. परंतु त्यांस वापराने, पायाखाली झिजून झिलई चढे. आजच्या चकाकत्या फरशीचा पृष्ठभाग म्हणजे भाजलेल्या मातीवर चढविलेला काचेचा पातळ थर होय. खरबरीत दगडावर ओला पाय पडला की तळव्याखालचे पाणी खाचांत शिरते. काचेवर त्यास जावयास वाट नसते, आणि तळवा त्या पाण्याच्या पापुद्र्यावरून निसटतो. बेळगावचा पावसाळा, अंगणातून आलेली मुले, न्हाणीतून निथळत्या लुगड्याने देवघराकडे जाणाऱ्या आमच्या वृद्ध स्त्रिया, यांचा विचार दुकानातील कोरड्या नमुन्यासमोर उभा राहून कोण करतो? आमच्या आत्याबाई अशाच पडल्या. हातात नैवेद्याचे ताट होते. खुब्याचे हाड मोडले. फरशी शाबूत राहिली. समाचारास आलेल्यांपैकी दोघांनी तर तिची तारीफही केली.

दुसरा प्रमाद फरशीवर फरशी बसविण्याचा. खोदाईचा खर्च वाचतो खरा, पण जमीन दोनतीन बोटे वर येते. दारे तासावी लागतात आणि ज्या उंबऱ्यावर आपण नित्य हळदकुंकू वाहतो तो अर्धा जमिनीत गडप होतो. रस्त्याचे पाणी अडविणारी ती पाळ होती, हे पहिल्या मोठ्या पावसात कळते. मोरीकडचा उतारही याच घाईत जातो. दर मीटरास एक सेंटिमीटर उतार ठेवावयास गवंड्यास एक दोरी पुरते. पण "सगळे एका लेव्हलात" हवे, हा हट्ट मालकाचाच असतो.

बसविण्याविषयी तर बोलावे तितके थोडे. साधी सिरॅमिक फरशी पाण्यात भिजवून सिमेंटवर बसते. व्हिट्रिफाइड म्हणतात ती अर्धा टक्काही पाणी शोषीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटची पकड तिला नीट लागत नाही. तिला चिकटविण्याचा मसाला वेगळा, व तो दातेरी थापीने सर्वत्र पसरावा लागतो. प्रत्यक्षात काय होते? चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून फरशी वरून ठोकली जाते. खाली पोकळी राहते. वर्षभराने पितळी तांब्या पडला की तडा! वडगाव, खासबाग, शहापूर या विणकरांच्या वस्त्यांत शेजारच्या खोलीत यंत्रमाग दिवसभर जमीन हादरवीत असतो, तेथे अशी पोकळ फरशी किती टिकावी? कामगारास निघण्यापूर्वी प्रत्येक फरशी नाण्याने वाजवून दाखवावयास सांगा. पोकळ आवाज लपत नाही.

आता वकिलीचे दोन शब्द, कारण तक्रारी घेऊन लोक अखेर आमच्याकडेच येतात. बिल मागितलेले नसते, खोक्यावरचा बॅच क्रमांक व छटा कोणी पाहिलेली नसते, गवंड्याशी ठराव तोंडी असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तू व सदोष सेवा या दोहोंविरुद्ध दाद मागता येते, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पण पुराव्यावाचून कायदा मुका आहे. पैसे देताना बिल मागणे हा अविश्वास आहे असे आमच्या समाजास का वाटावे, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. देवळाच्या देणगीची पावती आपण जपून ठेवतोच ना?

आणि देवळांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. पाय धुऊन आत यावयाचे, हा आपला नियम; आणि त्याच ओल्या पायांच्या वाटेवर भाविकांच्या देणगीतून गुळगुळीत फरशी घालावयाची, ही आपली व्यवस्था! देणगीदाराचे नाव भिंतीवर कोरावे. प्रदक्षिणेच्या वाटेवर खरबरीत दगडच राहू द्यावा.

आमच्या घरी स्वयंपाकघर ते देवघर एवढा पट्टा आम्ही उखडून काढला व तेथे खरबरीत पृष्ठाची फरशी, न्हाणीकडे उतार ठेवून, बसविली. मधल्या सोप्यातील तांबड्या कोब्यास हात लावू दिला नाही. "वकीलसाहेब, दोन रंगांचे घर दिसणार," असे गवंडी कुरकुरला. दिसते खरे. आत्याबाई काठी टेकीत त्याच पट्ट्यावरून रोज देवघरात जातात.