पावती तपासा, माणसाची जात नको



आपले टेंभुर्णी हमरस्त्यावरचे गाव. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो, पंढरपूर आणि करमाळ्याचे रस्ते इथूनच फुटतात. त्यामुळे एस. टी. स्टँडवर, बाजारात, एमआयडीसीच्या पगाराच्या दिवसांत नाक्यावर पावतीपुस्तक घेतलेली माणसे नेहमी भेटतात. कोणी अनाथाश्रमासाठी मागतो, कोणी आजारी मुलाच्या ऑपरेशनसाठी, तर कोणी लांबच्या एखाद्या विहाराच्या बांधकामासाठी. पावतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपला हात आपोआप खिशात जातो. लबाड माणसाला हे चांगले ठाऊक असते.

दान देणे वाईट नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. पण तो घामाचा पैसा कार्याला पोचला पाहिजे, कोणाच्या खिशात नव्हे.

इथे एक फरक ओळखावा. स्वतःच्या पोटासाठी मागणारा आपल्याला हिशेब देणे लागत नाही. त्याला द्यायचे तर द्या, नाहीतर गोड शब्दांत नाही म्हणा. पण जो दुसऱ्याच्या नावावर मागतो, संस्थेच्या, अनाथांच्या, पूरग्रस्तांच्या नावावर, तो हिशेबाला बांधलेला असतो. त्याला विचारणे हा आपला हक्क आहे.

काय विचारायचे? मी पेशाने कारकून. पावत्या रोज हाताखालून जातात, म्हणून सांगतो. छापखाना पैसे घेऊन कोणालाही पावतीपुस्तक छापून देतो. त्यामुळे छापील कागद हा पुरावा नव्हे. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक, पूर्ण पत्ता आणि पावतीचा अनुक्रमांक आहे का ते पाहा. ‘रजि. नं.’ पुढची जागा कोरी असेल किंवा तिथे ‘नियोजित’ लिहिले असेल, तर थांबा. स्थळप्रतीवरही तीच रक्कम लिहिली का, हे डोळ्यांनी पाहा. आपल्याला पन्नासची पावती आणि पुस्तकात पाच, असे सहज करता येते.

आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५० चा कायदा आहे. नोंदणी नसलेल्या मंडळालासुद्धा वर्गणीसाठी कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. ती परवानगी दाखवा म्हणा. संस्थेचे नाव धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला हे काम सांगा.

आता पावतीपुस्तकाच्या जोडीला मोबाईलचा क्यूआर कोड आला आहे. तो स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी भलत्याच माणसाचे नाव आले, तर पिन टाकू नका. २०२० साली कोरोनाच्या काळात पीएम केअर्स निधीच्या खऱ्या खात्यातले एकच इंग्रजी अक्षर गाळून खोटे यूपीआय खाते काढलेले आढळले होते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

आजारी मुलाचा फोटो दाखवणारा खरा गरजू असेल, तर त्याला दहा रुपयांपेक्षा माहितीचा उपयोग जास्त. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला कुठे जायचे ते सांगा, जमल्यास बरोबर जा. खोटा माणूस हे ऐकून घ्यायला थांबत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. सावधपणा म्हणजे संशयाने माणसावर धावून जाणे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्या हातात ना खोटे पावतीपुस्तक होते, ना कोणाचे मूल. कपडे, बोली आणि गरिबी एवढ्यावरच त्यांना चोर ठरवले गेले. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून तपासायची ती पावती. माणसाची जात किंवा त्याचा वेश नको. शंका आली तर पैसे देऊ नका, वाद वाढवू नका, ११२ ला फोन करा. मोबाईलवर अनोळखी माणसाचा फोटो ‘चोर’ म्हणून तर मुळीच पुढे पाठवू नका.

आणि शेवटी, परक्याला हिशेब विचारताना आपले घरही स्वच्छ हवे. १४ एप्रिलची वर्गणी आपणही दारोदार गोळा करतो. जयंती झाल्यावर पंधरा दिवसांत जमाखर्चाचा कागद विहाराच्या फलकावर लावा. त्यात शिल्लक किती, हेही लिहा. ज्या वस्तीत आपल्या पोरांना हिशेब द्यायची सवय आहे, त्या वस्तीतल्या आयाबाया परक्या पावतीवाल्यालाही न घाबरता हिशेब विचारतात.